भेळ थांबत नाही

दुपारी टीव्हीवर लागणारे खाण्याचे कार्यक्रम कोणी मुद्दाम बघत नाही. ते नुसते चालू असतात. समोर कोणी पेपर चाळत असतं, कोणी डुलकी काढत असतं, आणि मधूनच "मीठ चवीनुसार" एवढं कानावर पडतं. परवा अशाच एका दुपारी पडद्यावर भेळ चालली होती. काचेच्या मोठ्या भांड्यात ताईंनी कुरमुरे घेतले, फरसाण घातलं, दोन्ही चटण्या ओतल्या, कालवलं. इथवर सगळं ठीक. मग निवेदिकेने विचारलं, की ही पद्धत कोणाकडून शिकलात? ताईंनी सासूबाईंचं नाव घेतलं. सासूबाईंवर दोन मिनिटं गेली. मग छोटीशी विश्रांती आली. साबण, तेल, सिमेंट, पुन्हा साबण. परतल्यावर भेळेवर कोथिंबीर पडली, डाळिंबाचे दाणे पडले, आणि निवेदिकेने एक घास घेऊन डोळे मिटून "अप्रतिम!" म्हटलं.

आवाज काही आला नाही. पदराला लावलेला माइक बांगड्यांची किणकिणसुद्धा टिपतो, पण कुरमुऱ्याचा कुर्र त्यातून ऐकू आला नाही. येणार कुठून? भेळ जाहिरातींतच गेली होती.

चटणी पडल्यापासून भेळ चार मिनिटं जगते. कोरड्या हवेत पाच. चौपाटीवर, समुद्राचा दमट वारा अंगावर येत असताना, तीनच धरा. कुरमुरा म्हणजे तापलेल्या वाळूत फुललेला तांदूळ. आतून सगळा पोकळ आणि भिंती कागदाहून पातळ. त्यात तो खारवलेला, आणि मिठाला पाण्याची ओढ. पाणी दिसलं की तो आधी पृष्ठभागावर चिकट होतो, मग वाकतो, मग त्याचा लगदा होतो. फरसाण जरा दम धरतं, कारण ते तळलेलं असतं आणि तेलाचा थर पाण्याला थोडा वेळ अडवतो. शेव बारीक असल्याने लवकर शरण जाते. म्हणून तर ती सगळ्यात शेवटी, वरून.

भेळवाल्याला हे सगळं हाताने माहीत असतं. गिरगाव चौपाटीवरच्या एखाद्या ठेल्यापाशी उभं राहून नुसते त्याचे हात बघावेत. कुरमुऱ्याच्या डब्याचं झाकण तो पुरतं उघडत नाही. हात जाईल एवढंच सरकवतो आणि लगेच बंद करतो. पातेल्यात आधी कोरडं: कुरमुरे, थोडी शेव, पुऱ्या मुठीत दाबून मोडलेल्या. त्यावर कांदा, बटाटा, कैरीचे बारीक तुकडे. कैरी तो पाटावर चिरत नाही. हातातच धरून आधी उभ्याआडव्या चिरा देतो आणि मग वरचा थर कापून खाली पाडतो. हे सगळं होईपर्यंत चटण्यांना हात लागत नाही. तिखट किती, गोड किती ते विचारून झालं, पुढचं गिऱ्हाईक पैसे काढतंय हे बघून झालं, की मगच तीन डब्यांतून तीन चमचे पडतात आणि चमचा पातेल्याच्या कडेवर टकटक वाजत फिरतो. दहा-बारा फेरे, वीस सेकंद. कागदावर उपडं, वर शेव, कोथिंबीर, बाजूला एक सपाट पुरी खोचलेली. भेळ हातात येते तेव्हा तिचं वय अर्ध्या मिनिटाहून कमी असतं. गिऱ्हाइकाने ती घेऊन कुठे लांब जाऊन बसायचं ठरवलं, तर तो दोष भेळवाल्याचा नाही.

याच्याशी बोलताना मुंबईतला मराठी माणूस आपोआप हिंदीत शिरतो. "भैया, तिखा कम, मीठा जादा." पुण्यात सारसबागेबाहेर तेच "काका, तिखट जरा बेतानं" होतं. कोल्हापुरात खासबागेजवळ राजाभाऊंच्या भेळेला उभे राहिलेले लोक तिखट कमी करायला सांगताना फारसे दिसत नाहीत.

पुण्याच्या भेळेत फरसाणाला मान जास्त. मटकी भेळ हा तिथला खास प्रकार. मोड आलेली मटकी वाफवून घालायची, पण ती वाफवल्यावर निथळून, कापडावर पसरून कोरडी केली असेल तरच. ओली मटकी म्हणजे चटणीच्या आधीच भेळेत पाणी. मुंबईच्या भेळेत बारीक शेव, सपाट पुरी आणि हंगामात कैरी. कुठली बरी यावर दोन्ही शहरांनी आपापलं मत राखून ठेवलेलं आहे, त्यात आपण पडू नये.

कागदाचं मात्र वाईट वाटतं. वर्तमानपत्राच्या शाईतली द्रव्यं अन्नात उतरतात म्हणून त्यात खाद्यपदार्थ देऊ नयेत, असं अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली सांगितलं, आणि २०१८ च्या वेष्टनाच्या नियमांत ते पक्कं झालं. बरोबरच आहे. पण भेळ संपत आली की कागदावर जे उमटलेलं दिसायचं, ते वाचायची सवय एका अख्ख्या पिढीच्या डोळ्यांना लागली होती. चिंचेच्या डागाखालून अर्धी बातमी वर यायची. कुठल्या तरी सहकारी बँकेच्या सर्वसाधारण सभेत गदारोळ, कुणाच्या तरी गायी हरवल्या आहेत, आणि शब्दकोड्याची आडवी सात नंबरची ओळ अर्धी. "पुढे पान ५ वर" म्हणजे ते पान दुसऱ्या कोणाच्या तरी भेळेखाली. लहान मुलं कागद उलटा करून मागची बाजूही वाचायची, आणि मोठी माणसं "टाक तो कागद, तेलकट आहे" म्हणून ओरडता ओरडता स्वतः क्रिकेटचा धावफलक बघून घ्यायची. आता पानांचे द्रोण आले, पांढऱ्या कागदाच्या ताटल्या आल्या. त्यांवर वाचायला काहीच नसतं.

भेळेचं आणि टीव्हीचं नातं जुनं आहे, आणि एके काळी ते फार समजूतदार होतं. मुंबई दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. मध्येच बातम्या लागायच्या. सिनेमा सुरू होण्याआधी स्वयंपाकघरात कांदा चिरून, बटाटा सोलून, चटण्या वाट्यांत काढून ठेवलेल्या असायच्या, आणि बातम्यांचं संगीत वाजलं की आई उठायची. निवेदकाने "नमस्कार" म्हणेपर्यंत चटणी पडलेली असायची, आणि परदेशी पाहुण्यांचं विमानतळावर स्वागत होईपर्यंत ताटल्या रिकाम्या. 'व्यत्यय' अशी पाटी आली तर आणखी एक घाणा. शेजारची चार मुलं सिनेमाला आलेली असायचीच, तेव्हा ताटल्या कमी पडून वर्तमानपत्र घरातही यायचं.

आता बातम्या थांबत नाहीत आणि सिनेमा हवा तिथे थांबवता येतो, त्यामुळे हे वेळापत्रक बिघडलं. तरी वाहिन्यांवर तासाला बारा मिनिटांहून जास्त जाहिराती नकोत असा नियम आहे. अर्ध्या तासाच्या मालिकेला सहा मिनिटं धरा. ती दोन-तीन तुकड्यांत येतात. एका तुकड्यात कालवून होतं, खाऊन होत नाही, मग खाणं मालिकेवर येतं. मालिकेत मात्र स्वतः कोणी खात नाही. पाचजणांच्या घराला बारा खुर्च्यांचं टेबल, त्यावर पोहे, उपमा, फळं, रस, आणि पहिला घास उचलला की कोणाचा तरी फोन वाजतो किंवा दारात कोणीतरी बॅग घेऊन उभं असतं. भेळ मालिकेत एकदाच दिसते, दोघांचं जुळल्यावर चौपाटीच्या फेरीत. ती त्याला एक घास भरवते, मग सूर्य मावळेपर्यंत दोघं हातात द्रोण धरून भविष्याबद्दल बोलतात. बघणाऱ्याचा जीव त्या द्रोणात अडकलेला असतो.

त्यापेक्षा क्रिकेट बरं. टी-ट्वेंटीत वीस षटकं साधारण दीड तासात टाकून व्हावी लागतात, म्हणजे षटकाला चार-साडेचार मिनिटं. भेळेचं माप तंतोतंत तेच. गोलंदाज रनअप मोजायला गेला की चटणी घालावी. विकेट पडली तर मात्र पंचाईत होते, कारण लोक उभे राहतात, ओरडतात, चारदा तोच झेल बघतात, आणि खाली ताटलीत दुसरी विकेट पडलेली असते.

घरी करायची तर चारजणांना आठ वाट्या कुरमुरे पुरतात. वजनात ते जेमतेम सव्वाशे ग्रॅम भरतील, पण दिसायला परात भरते. दीड वाटी फरसाण, वाटीभर बारीक शेव, बारा-पंधरा पुऱ्या, दोन कांदे, दोन बटाटे, एक टोमॅटो. कुरमुरे पिशवीतून थेट घेऊ नयेत. पावसाळ्यात तर नाहीच. जाड बुडाच्या कढईत, तेलाविना, मंद आचेवर पाच-सहा मिनिटं परतावेत. एक दाणा बोटात दाबून बघावा. चपटा झाला तर आणखी परतायचं, कट्‌कन मोडला तर झालं. आणि पूर्ण गार होईपर्यंत डब्यात भरायचे नाहीत, नाहीतर त्यांचीच वाफ त्यांच्यावर उतरते आणि सगळी मेहनत वाया. बटाटे सकाळीच उकडून ठेवावेत. गरम बटाटा कालवताना पिठूळ होतो आणि कुरमुऱ्यांना वाफ देतो. टोमॅटोचा गर आणि बिया काढून टाकाव्यात, फक्त भिंती चिराव्यात. कांद्याला मीठ लावू नये, पाणी सुटतं. खरं तर भेळेत वरून मीठ लागतच नाही. फरसाण, शेव आणि चटण्यांत ते पुरेसं असतं.

बिघडतं ते बहुतेक वेळा चिंचेच्या चटणीत. नुसती चिंच आणि गूळ घेतला की ती पातळ राहते आणि कुरमुऱ्यात सरळ शिरते. शंभर ग्रॅम चिंच, तेवढाच बिया काढलेला खजूर, तेवढाच गूळ, दोन वाट्या पाण्यात दहा-बारा मिनिटं उकळायचं, गार करून वाटायचं आणि गाळायचं. गाळणं टाळलं तर चिंचेच्या शिरा दातात येतात. काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, थोडं लाल तिखट, चिमूटभर सुंठ. चमचा बुडवून त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढावी. रेघ मिटली नाही तर चटणी जमली. गरम चटणी कुरमुऱ्यांवर कधीही घालू नये, चार मिनिटांचं एक होतं. हिरव्या चटणीत वाटतानाच चमचाभर डाळं टाकलं की तिचं पाणी वेगळं होत नाही. लसणाची चटणी दोन छोटे चमचे, त्यापुढे ज्याची त्याची हिंमत.

चारजणांची भेळ एकदम कालवू नये. मोठ्या भांड्यात वरचं कोरडं आणि तळाचं ओलं होतं, मग सारखं करायला वेळ जातो, आणि वेळ तर आपल्याकडे नाहीच. दोन-दोन माणसांची करावी. पहिल्या दोघांनी इतरांसाठी थांबू नये. "सगळे बसू द्या" हा शिष्टाचार जेवणाचा आहे, भेळेला तो लागू नाही.

हॉटेलात हाच घोळ होतो. भट्टीपाशी भेळ कालवली जाते, मग ती काउंटरवर डोशाची वाट बघत उभी राहते, कारण वेटरला एकाच फेरीत दोन्ही आणायचे असतात. डोसा खरपूस येतो आणि भेळ त्याच्या जोडीला खाली मान घालून. "चटण्या वेगळ्या आणा" एवढं सांगितलं तर काम होतं. वेटर एकदा विचित्र नजरेने बघतो, एवढंच. पार्सलवाल्यांनी हे फार पूर्वी ओळखलं. एका पुडीत कोरडं, एकात कांदा-बटाटा, दोन चिमुकल्या डब्यांत चटण्या, शेव वेगळी. घरी आणून उघडायला बसलं की भेळेपेक्षा वेष्टनं जास्त निघतात, आणि ती कालवायला घरातलंच पातेलं लागतं. घरचं पातेलं, घरचा चमचा, घरची माणसं, मग बाहेरून नेमकं काय आणलं हा प्रश्न विचारू नये. चटणी आणली.

सुकी भेळ या सगळ्यातून सुटलेली आहे. डाळं, मिरची, लसूण, कोथिंबीर यांची जाडसर सुकी चटणी, कांदा, वरून लिंबाचे दोन-चार थेंब. ही दहा मिनिटंही टिकते. सिनेमाला, गडावर, एस्टीत न्यायची तर हीच, आणि कुरमुऱ्यांना आधी हिंग-हळदीची फोडणी दिलेली असेल तर आणखीच बरं, तेलाचं बोट लागलेला कुरमुरा लिंबालाही लवकर दाद देत नाही.

राहता राहिले डाळिंबाचे दाणे. ते का घालतात ते कळलेलं नाही. रंग दिसतो म्हणावं तर चिंच कालवल्यावर सगळंच तपकिरी होतं. चव म्हणावी तर गोड आधीच आहे, आंबट आधीच आहे. दातांखाली दाणा फुटतो, त्यातून पाणी निघतं, आणि मागे बी उरते. मक्याचे दाणे घालणारे आणखी वेगळे. काही ठिकाणी आता वरून किसलेलं चीजही येतं, आणि ते खायला रांग असते. त्यांना आवडतं म्हणे. आवडो बापडं. फक्त चटणी शेवटी घाला.