टू पॉइंट म्युझियम : काय मांडावे, काय मोडावे

'टू पॉइंट म्युझियम' या संग्रहालय चालवण्याच्या व्हिडिओ गेममध्ये माझ्या मेमेंटो माइल या संग्रहालयाचा पसारा आता आटोक्यात आला असून पासवॉटर कोव्ह या दुसऱ्या संग्रहालयात मत्स्यटाक्यांची मांडणी सुरू झाली आहे. खास वस्तू मिळवण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व मिळालेली वस्तू मांडायची की मोडायची या निर्णयाला आहे, असे माझे मत या टप्प्यावर पक्के झाले आहे.

आपले तज्ज्ञ हेलिकॉप्टरने मोहिमेवर जातात आणि पेटी घेऊन परततात. त्या पेटीत नेमके काय निघेल हे आपल्या हाती नसल्यामुळे, एकाच ठिकाणी वारंवार मोहिमा पाठवल्या की आधी मिळालेलीच वस्तू पुन्हा पदरात पडते. दालनात जागा आहे म्हणून ती तशीच ठेवून देण्याचा मोह होतो. मात्र दोहोंपैकी चांगल्या स्थितीतली ठेवून दुसरी विश्लेषणासाठी पाठवणे मला अधिक हिताचे वाटते. विश्लेषणात वस्तू कायमची नष्ट होते हे खरे. पण तिच्याविषयीचे ज्ञान वाढते आणि त्याचा लाभ मांडलेल्या वस्तूला व तिच्याजवळच्या माहितीफलकांना दीर्घकाळ मिळत राहतो. डायनासोरचे सांगाडे तुकड्यातुकड्यांनी मिळतात, त्यामुळे एखादे हाड विश्लेषणाला देण्यापूर्वी आपला सांगाडा पूर्ण आहे का, हे तपासून घ्यावे.

कुडोश हे या खेळातील दुसरे चलन. त्याने बांधकामाच्या यादीतील बंद वस्तू खुल्या होतात. प्रदर्शनाच्या विषयाशी जुळणाऱ्या सजावटीवर मी ते आधी खर्च करतो, कारण योग्य सजावट जवळ असली की वस्तूचा बझ, म्हणजे पाहुण्यांना वाटणारे आकर्षण, वाढतो, पाहुणे खूश होतात आणि दानपेटीत अधिक पैसे टाकतात. साहजिकच दानपेटी सर्वांत आकर्षक वस्तूच्या शेजारी हवी, आणि ती रिकामी करायला पुरेसे सुरक्षारक्षकही हवेत.

सर्वांत जास्त काळजी गोठलेल्या वस्तूंची घ्यावी लागते. बर्फातील गुहामानवाला सतत थंडावा लागतो. बर्फ वितळला, तर गुहामानव बाहेर पडून संग्रहालयात धुडगूस घालतो. म्हणून गोठलेल्या सर्व वस्तू मी एकाच कोपऱ्यात आणल्या, त्यांच्याभोवती शीतयंत्रे लावली आणि उष्णता मागणाऱ्या वनस्पती शक्य तितक्या दूर हलवल्या. ज्यांनी १९९७ चा 'थीम हॉस्पिटल' हा रुग्णालय चालवण्याचा गेम खेळला आहे, त्यांना त्यातील रेडिएटरची मांडणी येथे हमखास आठवेल. हा खेळ बनवणारी टू पॉइंट स्टुडिओज ही कंपनी स्थापन करणाऱ्यांपैकी काही जणांनी त्याच खेळावर काम केले आहे, आणि तापमान हा मांडणीचाच भाग मानण्याची ती दृष्टी २०२५ च्या या खेळातही दिसते, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

पासवॉटर कोव्हमध्ये हाच विचार पाण्याला लागू करायचा आहे. वेगवेगळ्या माशांच्या गरजा वेगळ्या असल्याने, नवा मासा आला की आधी त्याचे माहितीपत्रक वाचून मगच टाकी ठरवण्याची पद्धत मी सुरू केली आहे. तज्ज्ञांची पुढची तुकडी समुद्रमोहिमेवर रवाना झाली आहे. ती परतेपर्यंत एक टाकी मुद्दाम रिकामी ठेवली आहे.