‘माती आणा, खडी नको’

माती परीक्षण प्रयोगशाळेच्या काउंटरवर अर्धा किलो माती स्वीकारली जावी म्हणून मी नोव्हेंबर ते जानेवारी तीन चकरा मारल्या. आता मातीची आरोग्य पत्रिका, म्हणजे तपासणीचा अहवाल, हातात आहे, लागवडीची फाईलही पुढे सरकली आहे, तरी त्या काउंटरची आठवण आली की डोकं तापतं. म्हणून लिहून काढतोय. ज्यांची जमीन सपाट आणि भुसभुशीत आहे त्यांनी वाचलं नाही तरी चालेल, त्यांचं काम एका फेरीत होतं.

आमची जमीन सातारा जिल्ह्यातल्या जावळीच्या डोंगरउतारावर. सातबाऱ्यावर दोन एकर, त्यातला बराचसा पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा. म्हणायचं शेत, पण आहे रान. हिरडा, जांभूळ, ऐन, गेळा आणि खाली कारवीचं दाट झुडूप. मधल्या मोकळ्या जागांत फणस आणि जांभूळ लावायचं ठरवलं, फाईल केली, तर म्हणाले माती परीक्षणाचा अहवाल जोडा. सातबारा, आठ अ, नकाशा सगळं एका आठवड्यात मिळालं होतं. माती तर आपल्या घरचीच, तिला काय लागतंय, असं मला वाटलं.

नमुना कसा घ्यायचा याचा एक छापील कागद मिळतो. व्ही आकाराचा वीस सेंटिमीटर खोल खड्डा घ्यावा. झाडाखाली घेऊ नये. बांधाजवळ घेऊ नये. पीक निघाल्यावर घ्यावा. आमच्या रानात झाडाखाली नसलेली जागा शोधायची म्हणजे वाटेवरच उभं राहावं लागेल, आणि पीक शेवटचं निघालं ते आजोबांच्या हयातीत, नाचणीचं. व्ही आकाराचं तर विचारूच नका. फावडं पहिल्याच घावाला खणकन वाजलं. पहार आणली, ती चार बोटं आत गेली आणि गोट्यावरून घसरली. जो खड्डा पडला तो कुठल्याच अक्षराच्या आकाराचा नव्हता. वरचा पाला सारला की तीन-चार बोटं काळीभोर, ओलसर, मुळांनी विणलेली माती. त्याखाली तांबूस-तपकिरी, आणि त्यात सुपारीपासून नारळापर्यंत सगळ्या मापांचे गोटे. हातभर गेलं की पिवळट मुरूम, आणि मग कातळ. दहा खड्डे घ्यायचे होते, चार घेतले. ही पहिली चूक माझी, ती कबूल.

चार खड्ड्यांतली माती मिसळून, मोठे गोटे फेकून अर्धा किलो पिशवीत भरली आणि सोमवारी सकाळी काउंटरवर ठेवली. तिथल्या गृहस्थांनी पिशवी कागदावर ओतली, पेनच्या टोकाने दोनदा ढवळली आणि म्हणाले, “अहो, माती आणा. ही खडी आहे.”

मी म्हटलं, आमच्याकडची माती अशीच आहे.

“असेल. पण आमच्याकडे माती तपासतात. चाळून आणा.”

पिशवी परत माझ्या हातात. मागे रांग होती. मी बाहेर येऊन बाकावर बसलो आणि पंधरा मिनिटं नुसता धुमसत राहिलो. चीड अशासाठी की तो माणूस नियमाने बरोबर होता. प्रयोगशाळेच्या लेखी माती म्हणजे दोन मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडेल ती. वर राहील ते फेकायचं. रसायनांच्या बाजूने त्याला अर्थ आहे, कारण अन्नद्रव्यं धरून ठेवायचं काम बारीक कण आणि कुजलेला पाला करतात, गोटा करत नाही. पण मग ज्या जमिनीचा मोठा हिस्साच चाळणीवर राहतो, तिचं काय? पत्रिकेत बारा गोष्टी मोजतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगेनीज), बोरॉन. गोटे किती, याला तेरावा रकाना नाही. आमच्या जमिनीत बघायला येणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी जे दिसतं, पायाला टोचतं, तेवढंच कागदावर नाही.

घरी येऊन आईची गव्हाची चाळण घेतली. पट्टी लावून भोकं मोजली, साधारण दोन मिलिमीटर भरली. अर्ध्या किलोतून खाली पडली जेमतेम १८० ग्रॅम. परत गावी जाऊन पहार धरायची हिंमत नव्हती. म्हणून मी एक उद्योग केला तो तुम्ही करू नका: वर राहिलेला मऊ मुरूम खलबत्त्यात कुटला. छान पूड झाली. वजन अर्धा किलो भरलं. डिसेंबरात दुसरी चक्कर.

या वेळी काउंटरवाल्यांनी पिशवी आत पाठवली आणि आतून एक मॅडम बाहेर आल्या. तळहातावर चिमूटभर माती घेऊन त्यांनी अंगठ्याने चोळली आणि सरळ विचारलं, “मुरूम कुटलात ना?” मी गप्प. “रंग बघा. काळ्यात पिवळं दिसतंय.” मग मात्र त्यांनी नीट समजावलं. मुरूम म्हणजे अर्धवट झिजलेला बेसाल्ट. कुटला की ज्या खनिजांपर्यंत मुळं अजून पोचलेलीच नाहीत ती पुडीत येतात आणि आकडे भलतंच बोलतात. ढेकळं फोडायची ती लाकडाच्या ठोकळ्याने, हलक्या हाताने. हाताने फुटतं ते ढेकूळ, न फुटेल तो गोटा.

पिशवी दुसऱ्यांदा परत. पण हा नकार मला तितका लागला नाही, कारण निदान कोणीतरी मातीला हात लावला होता.

तिसऱ्या वेळी तात्यांना सोबत घेतलं. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते, या उतारावर गुरं राखत मोठे झालेले. ते म्हणाले, “वरची आन् खालची माती एका गोणीत घालू नगंस, त्या दोन जमिनी हाईत.” खरंच होतं. टेपावर, म्हणजे वरच्या उंचवट्यावर, नुसता मुरूम आणि वर वीतभर माती. खाली पायथ्याशी, मोठ्या धोंड्यांच्या आणि झाडांच्या बुंध्यांच्या वरच्या अंगाला, अडून राहिलेली बारीक काळी माती हातभर खोल. महाबळेश्वर शेजारीच, तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तो पाऊस बारीक कण खाली नेतो आणि गोटे जागेवर ठेवतो. खाली कातळाचे कांद्यासारखे पापुद्रे सुटत राहतात, वरची माती वाहत राहते, त्यामुळे उतारावरची जमीन म्हातारी व्हायला सवडच मिळत नाही. कायम अर्धीकच्ची.

मधल्या पट्ट्यात लागवड करायची होती, म्हणून तिथेच दहा खड्डे घेतले, दहा किलो माती गोणीत भरली आणि सावलीत चार दिवस वाळवली. हे आधी सांगायला हवं होतं: उन्हात वाळवू नका. आणि खडकाळ जमिनीत नमुना मोठाच घ्या, कारण चाळल्यावर तिसरा हिस्सा हाती येतो, शिवाय गोटे असले की नमुना अर्ध्या किलोवर आणायला ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायची जी पद्धत आहे तीही नीट बसत नाही, एका भागात चार गोटे जास्त पडतात. लोखंडी हत्यार वापरू नये असंही म्हणतात, लोहाचा आकडा बिघडतो. आम्ही पहारच वापरली. लाकडी खुंटीने तिथे कोण खणणार? त्यामुळे पत्रिकेतला लोह मी वाचलाच नाही.

जानेवारीत पिशवी घेतली गेली. शिक्का पडला. बाहेर येऊन मी दोन कटिंग चहा प्यायलो.

पत्रिका यायला पाच आठवडे लागले, आणि ती बघून परत डोकं फिरलं. सामू ५.८, थोडा आम्ल, ते ठीक, इतक्या पावसात चुना-मॅग्नेशियम धुऊन जाणारच. सेंद्रिय कर्ब २.१ टक्के, शेरा ‘अत्यंत जास्त’. पालाश हेक्टरी ३१० किलो, शेरा ‘जास्त’. शिफारस: खताची मात्रा कमी करा. म्हणजे कागदावर आमची जमीन बागायतदाराला लाजवेल अशी! तात्यांना वाचून दाखवलं तर ते हसून हसून खोकायला लागले.

चूक आकड्यात नव्हती, गुणाकारात होती. प्रयोगशाळेत ‘मातीच्या दहा लाख भागांत किती’ असा आलेला आकडा हेक्टरी किलोत नेताना २.२४ ने गुणतात. त्यामागे धरलेलं असतं की हेक्टरभर जागेत वरच्या पंधरा सेंटिमीटरच्या थरात २२.४ लाख किलो माती आहे. बिनगोट्याच्या जमिनीला हे लागू. आमच्याकडे किती?

ते मोजायची युक्ती मॅडमनीच फोनवर सांगितली, आणि या सगळ्या प्रकरणात मला अभिमान कशाचा वाटत असेल तर या एका दुपारचा. खड्डा खणायचा, निघालेलं सगळं गोणीत ठेवायचं. खड्ड्यात पातळ प्लास्टिक नीट बसवायचं आणि काठोकाठ भरेपर्यंत मोजून पाणी ओतायचं. बारा लिटर मावलं. निघालेला माल वाळवून चाळला: बारीक माती ७ किलो, गोटे साडेबारा किलो. तेच गोटे काठोकाठ भरलेल्या बादलीत हळूहळू सोडले, पाच लिटर पाणी सांडलं. म्हणजे गोटे वजनाने ६४ टक्के, पण जागा धरली ४२ टक्के. दोन्ही खरं. कोणी टक्के सांगितले तर आधी विचारा, वजनाचे की जागेचे.

आता हिशोब. बारा लिटर जागेत सात किलो माती, तर पंधरा सेंटिमीटरच्या थरात हेक्टरी पावणेनऊ लाख किलो. धरली होती २२.४ लाख. पालाश ३१० नव्हे, १२१ च्या आसपास. त्याच तक्त्यात हा आकडा खालच्या टोकाला जातो. कर्बाचंही तेच. माती श्रीमंत आहे, पण आहे मूठभर. मोठाली झाडं उभी आहेत ती या मुठीवर आणि कातळाच्या भेगांत शिरलेल्या मुळांवर.

प्लास्टिक काढलं तेव्हा पाणी खड्ड्यातच सोडलं. चुलीवर चहा उकळेपर्यंत खड्डा कोरडा. ते पाणी जमिनीत साठत नाही, कातळावरून खालच्या अंगाला सरकतं. पायथ्याचा झरा होळीपर्यंत का चालतो आणि वरची रोपं संक्रांतीनंतर का माना टाकतात, हे त्या खड्ड्यात समजलं. खत कमी-जास्त करण्यापेक्षा पहिले दोन उन्हाळे पाणी कसं द्यायचं, हा इथला खरा प्रश्न आहे.

हे सगळं एका कागदावर मांडून मी फेब्रुवारीत चौथ्यांदा गेलो. (वर तीन म्हटलं ते माती देण्यापुरतं.) काउंटरवाले म्हणाले, “गोटे आम्ही मोजत नाही, त्याला रकाना नाही.” मी म्हटलं, रकाना नको, शेरा द्या. ते नाही म्हणाले. मी हललो नाही. शेवटी मॅडमनी कागद वाचला आणि पत्रिकेच्या मागे पेनने लिहिलं: ‘दोन मिमीवरील भाग वजनाने ६४ टक्के, अर्जदाराने मोजल्याप्रमाणे, शिफारस त्यानुसार पाहावी.’ खाली सही. एवढ्या एका ओळीसाठी मी त्या बाकावर बसून जे काही सोसलं ते फिटलं.

एक राहिलंच. मी उत्साहात लागवडीच्या पट्ट्यातले गोटे वेचायला घेतले होते. तात्यांनी हात धरला. “आरं, दगडं काढलीस तर माती ऱ्हाईल व्हय?” पावसाचा मारा आधी त्या गोट्यांवर बसतो म्हणून खालची माती टिकते. वेचायचेच असतील तर रोपाच्या उताराकडच्या बाजूला अर्धगोल रचा, वरून येणारा पाला आणि गाळ तिथेच अडतो. खड्ड्यांसाठी जेसीबीवाला सपाट पट्टा कापून देतो म्हणत होता, त्याला तात्यांनी वाटेवरूनच परत पाठवलं. ३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर आला, तेव्हापासून ते उताराला यंत्र लावू देत नाहीत.

चाळण आईने परत घेतली नाही, नवी आणायला लावली. गोणीतले साडेबारा किलो गोटे तात्या डोक्यावर घेऊन वर गेले आणि त्याच खड्ड्यात ओतून आले.