एकादशीच्या दिवशी दिवे घाट

रास्ता पेठेतल्या आमच्या जुन्या वाड्यात परभणीकडची एक दिंडी सासऱ्यांच्या वडिलांपासून उतरते. माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाला, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, दोन्ही देवळं आमच्यापासून चालत जाण्यासारखी. त्यामुळे ज्येष्ठ वद्यातले ते मुक्कामाचे दिवस वाडा आमचा राहत नाही. ओसरीवर वळकट्या, अंगणात दोरीवर लुगडी, नळाला पहाटे तीनपासून रांग.

माझ्या सासूबाई सोवळ्याच्या कडक. पारोशाने ओट्याला हात लावलेला त्यांना आजही चालत नाही. पण दिंडी आली की त्याच स्वयंपाकघरात कुणीही शिरतं, पिठल्यात डाव घालतं, माठातलं पाणी स्वतःच्या हाताने घेतं. जात कुणी विचारत नाही आणि आंघोळ झाली का हेसुद्धा नाही. "आई, आता सोवळं कुठं गेलं?" असं मी एकदा विचारलं. "अगं, माउली आहेत त्या," एवढंच म्हणून त्या पोहे भिजवायला वळल्या. एका श्रद्धेने दुसरीला दोन दिवस रजा दिली होती आणि त्यांना त्यात काही विसंगत वाटत नव्हतं.

माझं माहेर याच्या उलट. वडील पक्के नास्तिक. घरात सत्यनारायण नाही, बारसं नाही, माझं लग्नही नोंदणी पद्धतीने. शेजारून प्रसादाचा शिरा आला की ते वाटी झाकूनच परत पाठवत. मला तो शिरा फार आवडायचा. नास्तिकपणालाही सोवळं असतं, हे त्या वाटीने मला शिकवलं.

यंदा या दिंडीबरोबर पुण्यापासून सासवडपर्यंत चालले. आळंदीहून प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला, मग पुण्याचा मुक्काम, म्हणून सासवडचा टप्पा एकादशीला येतो. म्हणजे तीसएक किलोमीटरची वाट, त्यात दिवे घाट, आणि पोटात साबुदाणा. नियम करणाऱ्याने जरा तरी सोय बघायची, असं मी मनात म्हटलं. दिंडीत मात्र यावर कुणी बोलतसुद्धा नव्हतं. एकादशी आहे, तर उपास आहे.

पुणेकरांनाही हे पाठ असतं. पुलगेटपासून हडपसरपर्यंत केळी, राजगिऱ्याचे लाडू, खिचडी, चहा यांची रीघ. एकीकडे फुकट चपला शिवून देणारे, दुसरीकडे खुर्च्या मांडून दाढी करणारे. कॅम्पाच्या बाजूला गोल टोप्या घातलेली मुलं पाणी वाटत होती आणि वारकरी त्यांनाही "माउली" म्हणूनच पेला परत करत होते. वारकऱ्यांना त्यात नवल नाही. तुकोबांची पालखी देहूतून निघाली की पहिली आरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यावर होते. गाडीतळाला दोन्ही पालख्यांच्या वाटा फुटतात. तुकोबा सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे, माउली सासवड रस्त्याला.

माझ्या शेजारी डोक्यावर तुळस घेतलेल्या एक मावशी चालत होत्या. पेरणी उरकून आलेल्या. पाऊस पडला की नाही, हे मुलगा फोनवर सांगायचा आणि त्या ते पुढच्या ओळीतल्या बाईला सांगायच्या. माळेचा विषय त्यांनीच काढला.

"आमचे मालक लई पेत होते, बाई. डाक्टर झाला, शपथा झाल्या, लेकराच्या डोस्क्यावर हात ठिवून झालं. माळ घातली अन् सुटली."

"माळेनं सुटली?"

"माळेनं कशी सुटंल? गावानं सोडवली. माळ दिसली की कुणी पाजतच नाही. पाजणाऱ्यालाच पाप."

मी बराच वेळ याच वाक्यावर चालत होते. तुळशीची माळ घातली की मांस-मच्छी बंद, दारू बंद, एकादशी आणि पंढरीची वारी आली. हा नियम आपण माळ घालणाऱ्याच्या मनाशी जोडतो. मावशींच्या हिशेबात तो शेजाऱ्यापाजाऱ्यांशी जोडलेला होता. लग्नात, यात्रेत, ढाब्यावर माणसाला दर वेळी नव्याने "नको" म्हणावं लागत नाही, गळ्याकडे बघून समोरचाच ग्लास मागे घेतो. अर्थात गळ्यात माळ असून रात्री झोकांड्या खात घरी येणारेही त्यांच्या गावात आहेत. तेही मावशींनीच सांगितलं, दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या चुलत दिराचं उदाहरण देऊन.

माळेला किंमतही मोजावी लागते. दिंडीतला एक पोरगा पुण्यात केटररकडे कामाला आहे. आजोबांनी लहानपणीच त्याच्या गळ्यात माळ घातली. मटणाच्या ऑर्डरला तो जात नाही, म्हणजे निम्म्या दिवसांची मजुरी बुडते. "काढून ठेवावी वाटते का?" असं विचारलं, तर म्हणाला, "वाटते ना. पण मग घरी जेवायला बसू कसा?" श्रद्धा आहे की नाही, हा प्रश्न त्याच्यापुढे कधी आलाच नव्हता.

वडकीला थोडं टेकलो आणि घाट लागला. रथाला जादा बैलजोड्या लावलेल्या, खाली मस्तानी तलाव, वर ढग. टाळाच्या ठेक्यावर पाऊल पडायला लागलं की चढ हलका होतो. यात चमत्कार काही नाही, श्वास लयीत येतो इतकंच. पण ही लय टिकायला कुणाला तरी विठ्ठल खरा वाटावा लागला. देहूतून तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराजांनी 1685 साली पालखी सुरू केली. आळंदीच्या सोहळ्याला आजची शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी लावली. ते शिंद्यांच्या पदरचे सरदार, म्हणून दिंड्यांना क्रम, चोपदार, तळ, सगळं फौजेच्या वळणाचं. मला घाटात विठ्ठल दिसला नाही. पोटऱ्या दिसत होत्या, पुढच्या माणसाच्या, चिखलाने भरलेल्या.

वडील असते तर इथे त्यांनी एकच प्रश्न विचारला असता, म्हणून मी तो विणेकरी बाबांना विचारला. इथे सगळे माउली, मग पंढरपूरच्या देवळाचं दार सगळ्यांसाठी उघडायला 1947 साली साने गुरुजींना उपोषणाला का बसावं लागलं? बाबांनी गळ्यातला विणा सांभाळला. तो जमिनीवर टेकवायचा नसतो, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जातो आणि देताना दोघं एकमेकांच्या पाया पडतात. "चोखोबांची समाधी दारातच हाय," ते म्हणाले. "आम्ही आदी तिथं डोकं ठिवतो, मग आत जातो." मला हे उत्तर अपुरं वाटलं. समाधी दारात आहे, कारण चोखोबांना आत घेतलं नव्हतं. हेही मी बोलले. ते थोडं चालले आणि म्हणाले, "व्हय. चूकच ती. पण तुमी इचारलं ते मला रागानं नाही लागलं, का सांगू? चोखोबानंच आधी इचारलंय." मग गजर सुरू झाला आणि आमचं बोलणं तिथेच थांबलं. माझं पूर्ण समाधान झालं नाही. पण आमच्या घरी प्रश्न विचारले जायचे ते फक्त दुसऱ्यांच्या श्रद्धेला. स्वतःच्या परंपरेत तक्रारीला जागा राखून ठेवणं मला नवीन होतं.

ती जागा संध्याकाळी सासवडच्या तळावर प्रत्यक्ष बघायला मिळाली. सगळ्या दिंड्या गोलात उभ्या राहिल्या, चोपदाराने दंड उंचावला आणि एवढा मोठा समुदाय एकदम गप्प झाला. फक्त एका दिंडीचे टाळ चालूच होते. म्हणजे त्यांची काहीतरी तक्रार आहे. चोपदार तिकडे गेले, ऐकून घेतलं, मग टाळ थांबले. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या गेल्या, उद्या निघायची वेळ सांगितली गेली आणि आरती झाली. सोपानकाकांच्या समाधीकडे लोकांची रांग लागली होती. मी राहुटीतच पाय पसरून बसले.

दिंडीचा हिशेब ठेवणारे काका वही घेऊन आले. पुढच्या वर्षी पंढरपूरपर्यंत यायचं असेल तर भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणखाणाची वर्गणी, आत्ताच भरता येते, म्हणाले. मी सांगितलं, मी देव मानत नाही. त्यांनी चष्मा वर केला.

"ते तुमचं तुम्ही बघा. ताट, तांब्या, अंथरूण आपापलं आणायचं. आन् काकड्याला उठावं लागतंय, उशिरा उठणाऱ्याला चहा ऱ्हात नाही. नाव काय लिहू?"