चौथ्या सीटवरचा प्रश्न

"ते रात्री दातांवर घालायचं गार्ड लावून झोपेत दात खाणं थांबलं का हो?" ऑफिसात विचारतात, नणंद विचारते. परवा कुर्ल्याला लोकलमध्ये चढले, तर माझ्या पर्समधली गार्डची डबी बघून चौथ्या सीटवरच्या बाईंनीही विचारलं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते : नाही थांबलं.

मुळात मी झोपेत दात खाते हेच मला ठाऊक नव्हतं. सकाळी कानशिलं ठणकायची, मी उन्हाला दोष द्यायचे. घर दोन खोल्यांचं, कुणाचा आवाज कुणापासून लपत नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं, जात्यात खडा अडकल्यासारखी करकरतेस रात्रभर. जंत झालेत." मुकाट्याने गोळी घेतली. जंतांमुळे दात खातात याला ठोस पुरावा नाही, हे नंतर कळलं.

मग एका दवाखान्यात 'चावा बरोबर बसत नाही' म्हणून माझी धडधाकट दाढ घासली. घासलेला दात काही परत वाढत नाही! आणि चाव्याचा यात फारसा दोष नसतोच. झोप क्षणभर चाळवते, हृदयाचे ठोके वाढतात, पाठोपाठ जबडा आवळतो. ताण, चहा-कॉफी, दारू, सिगारेट, नैराश्यावरची काही औषधं त्यात भर घालतात.

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी हातात आरसा दिला. सुळ्याचं टोक झिजून सपाट. जिभेच्या कडेला करंजीच्या मुरडीसारख्या दातांच्या खुणा. गालावर बोटं ठेवून "दात आवळा" म्हणाल्या, तर स्नायू सुपारीएवढा वर आला. घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, हेही विचारलं. तसं असेल तर रात्रभराची झोपेची तपासणी करतात. एरवी बहुतेकांचं निदान असं तोंड बघून, विचारूनच होतं.

त्यांनीच गार्ड दिलं. गार्ड म्हणजे दातांच्या मापाने केलेली कडक अ‍ॅक्रिलिकची (प्लास्टिकसारखी) पट्टी. गार पाण्यानेच धुवायची, गरम पाण्याने वाकते. वर्षभरात तिच्यात उजव्या दाढेखाली नख रुतेल एवढा खळगा पडलाय. तो माझ्या दाढेला पडला असता.

दिवसाची सवय मात्र माझी मलाच मोडावी लागतेय. ओठ मिटलेले, दात सुटे. चावणं-गिळणं सोडून दाताला दात टेकायला नको. दादर आलं की तपासते, जबडा आवळलेला असतोच. सोडला की कानशिलं तरी कमी दुखतात.

रात्रीची करकर आता कुणाला ऐकू येत नाही. सासूबाई शेजारीपाजारी सांगतात, गोळी लागू पडली.