पावसाळ्याचं चित्र का नाही, हे तुम्ही विचारलंत म्हणून

प्रदर्शन लागलं की कुणीतरी विचारतंच. "ताई, उन्हाळा आहे, पळस आहे, गव्हाची शेतं आहेत, मग पावसाळा कुठंय? माळव्यातला पाऊस कधी रंगवणार?" मग पाताळपाणी, जानापाव, मांडू अशी नावं निघतात. ही सगळी ठिकाणं मी पावसात पाहिली आहेत.

इतकी वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं: जलरंगाला पावसाळा मानवत नाही. ते खोटं नाही. इंदूरच्या रामबागेतल्या घरात वरच्या खोलीत, पत्र्याखाली मी काम करते. मे महिन्यात पारा ४२ वर गेला की आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला नेईपर्यंत मागचा वाळून जातो. म्हणून पहाटे साडेपाचला बसते, पाण्यात ग्लिसरीनचे दोन थेंब टाकते. थंडीत कागद हाताच्या चालीनं चालतो. जुलैत मात्र एक थर वाळायला तास तास लागतो. घाईनं दुसरा दिला तर खालचा उचलून येतो आणि सगळं चिखल होतं. पॅलेटमधल्या रंगांवरसुद्धा बुरशी धरते.

पण ज्या इंदूरात देवळालीकर मास्तरांनी १९२७ साली चित्रशाळा काढली, जिथे चित्रकार ना. श्री. बेंद्रे शिकले, तिथे राहून एवढंच कारण सांगत राहिले याची मला लाज वाटते. कारण मी स्वतः कितीतरी वर्षं पावसात बाहेर बसून चित्रं काढलेली आहेत.

सांवेर रस्त्याला अण्णांचं पाच बिघे शेत होतं. सोयाबीन वीतभर झालं की रविवारी आम्ही दोघं जायचो. मी बांधावर स्टूल टाकून बसायचे आणि अण्णा मागे छत्री धरून उभे राहायचे. छत्री माझ्या डोक्यावर नाही, कागदावर. तीही काळीच हवी. रंगीत छत्रीचा रंग कागदावर उतरतो, हे मी एकदा सांगितलं ते त्यांनी कायम लक्षात ठेवलं. ओली काळी माती काळी दिसत नाही, जांभळट दिसते. अल्ट्रामरीन निळ्यात तपकिरी बर्न्ट सिएना मिसळून भरपूर पाण्यानं सोडलं की निळा दाणा कागदाच्या खळग्यांत बसतो आणि ढेकळं आपोआप उमटतात. अण्णा वाकून म्हणायचे, "ही आपलीच माती."

पुढे शेत विकलं. तिथे कॉलनी झाली. नंतर अण्णाही गेले.

त्याच पावसाळ्यात माझ्या खोलीचा पत्रा गळायला लागला. शेताची सदतीस चित्रं होती. मी ती पॉलिथिनमध्ये घट्ट गुंडाळली, कडांना चिकटपट्टी लावली आणि लोखंडी ट्रंकेत ठेवून दिली. बाहेरची ओल आत जाऊ नये एवढंच डोक्यात होतं. ओल आधीच आत होती. जुलैतला कागद, हवेतलं पाणी पिऊन बसलेला. कागदानं रंग एकदम शोषू नये म्हणून त्याला जिलेटिनचा लेप, सायझिंग, असतं, तेच बुरशीचं खाणं. वारा लागता तर कदाचित वाचली असती. दिवाळीच्या साफसफाईत ट्रंक उघडली तेव्हा आधी वास आला. मग डाग. आकाशं सगळ्यात आधी गेली, तिथे रंग पातळ होता. काही कागद एकमेकांना चिकटलेले. सोडवताना माती इकडची तिकडे गेली. मी जमिनीवर बसून एकेक उलटत होते आणि थांबता येत नव्हतं.

मी विद्यार्थ्यांना सांगायचे, चित्र गेलं तर जाऊ दे, पुन्हा काढता येतं, हात तर जात नाही ना. किती सहज म्हणायचे! हात आहे, पण ते शेत नाही आणि मागे छत्री धरणारं कुणी नाही. तरी आतून कुणीतरी विचारतं, मग इंदूरजवळच्या चोरलच्या बाजूला जाऊन बस ना, माती तीच आहे. ते खरंच आहे, माती तीच आहे. आणि तरी मी जात नाही.

सदतीसातलं एक बरंचसं वाचलंय. आकाशात तपकिरी ठिपके आहेत, खाली माती मात्र जशीच्या तशी. मुलगी म्हणते, हे प्रदर्शनात लाव, लोक विचारायचे थांबतील. दोनदा फ्रेमवाल्याकडे घेऊन गेले. त्यानं विचारलं, "मॅडम, वरचा डागाचा भाग माउंटखाली झाकू का?" नको म्हटलं. डाग दिसू देत, असंही सांगता आलं नाही. दोन्ही वेळा चित्र पदराखाली धरून घरी परत आणलं.