रिक्षा उड्या मारत येते

"लक्ष्मी रोड ओलांडताना रिक्षा सरळ येत नाही हो, उड्या मारत येते." छापखान्यात प्रुफं तपासणारे काका सांगत होते. वाचताना ओळ सुटायची, म्हणून वीस दिवसांत दोन चष्मे करून झाले होते. मी नंबर तपासला. दोन्ही डोळे ६/६, जवळचंही स्वच्छ. चष्म्यांचा दोष नव्हता.

मग पेनाचं टोक धरलं आणि नजरेनं त्याचा पाठलाग करायला सांगितलं. डोळ्यांपासून अर्धा मीटर, मान हलू नये म्हणून हनुवटीला बोट. मध्यापासून दोन्हीकडे २५ सेंटीमीटर, या टोकाकडून त्या टोकाला जायला ३ सेकंद. इथे घाई करू नये. पेन भराभर फिरवला तर निरोगी डोळाही मागे पडतो आणि झटक्यानं पुढे जातो. काकांचे डोळे या संथ गतीलाही अडखळत होते. पण वयानंही पाठलाग थोडा खडबडीत होतो, तेवढ्यावर निदान करता येत नाही.

म्हणून पेन उजवीकडे धरून थांबले. डोळे हळूच मध्याकडे ओघळायचे, झटक्यानं परत उजवीकडे यायचे. डावीकडे धरला तर झटका डावीकडे, वर धरला तर वर. नजर अगदी टोकाला नेली की दोन-चार झटके कुणालाही येऊ शकतात. हे २५ अंशांवरच सुरू होते आणि थांबत नव्हते. तोल बिघडवणाऱ्या कानाच्या आजारात झटक्याची दिशा नजरेबरोबर अशी पालटत नाही. हे तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूकडे बोट दाखवत होतं. फरशीच्या रेघेवर पावलाला पाऊल लावून चालायला सांगितलं, तिसऱ्याच पावलाला तोल गेला.

"गोळ्या कुठल्या घेता?" "बीपीची. आणि फिटची, ती जुनीच आहे."

जुनीच, पण तीन आठवड्यांपूर्वी तिचा, म्हणजे फेनिटॉइनचा, डोस ३०० वरून ४०० मिलिग्रॅम झाला होता. हे औषध मोडणारी यकृतातली यंत्रणा एका मर्यादेला भरून जाते; त्यापुढे डोस थोडा वाढवला तरी रक्तातली पातळी भराभर चढते. त्याच दिवशी चिठ्ठी देऊन त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. रक्तातली पातळी निघाली २९ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. हवी १० ते २०.

गोळी मनानं बंद करायची नाही, हे मी काकांना आणि काकूंना वेगवेगळं बजावलं. एकदम थांबवली तर थांबता न थांबणारी फिट येऊ शकते. डोस डॉक्टरांनीच उतरवला. पंधरा दिवसांनी त्याच पेनामागे डोळे अलगद सरकले. अगदी डाव्या टोकाला दोन झटके आले, आणि विरले.