तुम्ही विचारलंत म्हणून: कोळीवाड्यातली असून मासेमारीवर मर्यादा का मागतेस?

हा प्रश्न मला मामाने विचारलाय, शेजारच्या तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्या म्होरक्याने, विचारलाय, लग्नाच्या पंगतीतही विचारलाय. घर मुंबईच्या वेसाव्यात, दारात होडी. आधीच डिझेल महाग, त्यात आपल्याच पोरीने आपल्याच माणसांचे हात बांधा म्हणावं?

मागच्या ऑगस्टची गोष्ट सांगते. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठून आठ-दहा दिवस झाले होते. आई पहाटे लिलावाला गेली, मी सोबत होते. एका पाटीत पापलेटं होती. आईने त्यातलं एक उचलून तळव्यावर ठेवलं, तर त्याची शेपटी तिच्या बोटांच्या पेरांपर्यंतही पोचेना. सगळी पाटी तशीच. आई एवढंच म्हणाली, "मग दोन महिने थांबलो कशाला?"

मला उत्तर सापडलं ते फार लांबच्या एका माशात, अटलांटिकच्या ब्लूफिन ट्यूनात. आपल्याकडच्या कुप्याचाच हा मोठा भाऊबंद, पण वाढून दोन-तीनशे किलोंचा होतो आणि जपानात सोन्याच्या भावाने जातो. त्याचे नियम ठरवायला आयकॅट ही अनेक देशांची मिळून एक संस्था आहे. तिचा करार १९६६ चा, कार्यालय माद्रिदला. नियम होतेच की. पण २००६ मध्ये शास्त्रज्ञ १५ हजार टनांच्या आत राहा म्हणत असताना देशांनी पुढच्या वर्षासाठी २९,५०० टन ठरवले, आणि शास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणे २००७ मध्ये प्रत्यक्षात धरले गेले ६१ हजार! कागदावरच्या आकड्याची समुद्रात काय किंमत होती, ते इथे दिसतं.

२०१० मध्ये दोह्याला, वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत, या माशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच बंदी घालायचा प्रस्ताव आला. तो फेटाळला गेला, पण धाक बसला. प्रस्तावाची चाहूल लागताच त्या वर्षीची मर्यादा आधीच १३,५०० टनांवर आणली होती. मोजके अपवाद सोडून ३० किलोंखालचा मासा धरायचा नाही, हा नियम होताच; आता तो पाळायला लावू लागले. पर्ससीनवाल्यांना, म्हणजे माशांच्या थव्याला मोठ्या जाळ्याचा वेढा घालणाऱ्या बोटींना, वर्षात जेमतेम महिनाभराचा मोसम, प्रत्येक बोटीवर निरीक्षक. जिवंत मासे जाळ्यातून पोसायच्या पिंजऱ्यात सोडताना पाण्याखालून चित्रीकरण, म्हणजे किती गेले ते मोजता येतं. माशाबरोबर त्याचा कागदही फिरतो. कागद नाही तर विक्री नाही. एखाद्या देशाने जास्त धरलं तर पुढच्या वर्षांतून कापून घेतात.

नशिबाचीही साथ होती. २००३ च्या सुमारास जन्मलेली पिल्लं भरपूर जगली. पण ती वाढू दिली म्हणून तर उपयोग झाला! २०२१ मध्ये हा मासा धोक्यातल्या जातींच्या यादीतून बाहेर आला. २०२२ मध्ये देशांनी त्याहून शहाणपणाचं काम केलं: मासा वाढला तर किती धरायचा, घटला तर किती कमी करायचा, याचं गणित आधीच ठरवून टाकलं, म्हणजे दर बैठकीत ओढाताण नको. पूर्व अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातल्या साठ्यासाठी २०२३ ते २०२५ ची मर्यादा वर्षाला ४०,५७० टन होती. २०१० च्या तिप्पट. ज्यांनी थांबायची कळ सोसली, त्यांनाच नंतर जास्त मिळालं. मामाला मी हेच सांगते.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै बंदी आहे. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला, त्याच वर्षी पापलेट राज्यमासाही झाला. एलईडी दिव्यांवरच्या मासेमारीला मनाई आहे. हे सगळं हवंच. पण उरलेल्या दहा महिन्यांत कोणत्या बोटीने किती पापलेट काढलं, हे धक्क्यावर कोण तोलून लिहितं? एकूण किती काढायचं, याला हद्दच नाही. ज्याचं इंजिन मोठं, त्याचा वाटा मोठा.

म्हणून मी मर्यादा मागते ती मोजणीसकट, आणि वाटणीत पहिला हक्क छोट्या होडीचा असावा अशी. भूमध्य समुद्रातही छोटे मच्छीमार तक्रार करत राहिले की कोट्याचा मोठा घास बड्या पर्ससीन बोटींनी नेला. ती चूक इथे नको.

आईने त्या दिवशी त्या पाटीवर बोली लावली नाही. ती दुसऱ्या कुणीतरी घेतली. या मोसमापासून भाऊ होडीवर शाळेची दोनशे पानी वही ठेवतो: तारीख, किती वाव खोल पाणी, पापलेट किती, त्यातलं तळव्याहून लहान किती. शेवटच्या रकान्याचं माप आईच्या तळव्याचं आहे. तिने वहीच्या पहिल्या पानावर हात ठेवून पेनने आखून दिलाय.